गिझर घेण्याआधी बोअरचे पाणी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की परभणी-हिंगोलीपासून लातूर-धाराशिवपर्यंत इलेक्ट्रिकच्या दुकानांपुढे गिझरची खोकी रचली जातात. गिऱ्हाईक विचारते, किती लिटरचा, किती स्टारचा, वॉरंटी किती. पाणी कुठले वापरता, हे दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईक सांगत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मधले दिवस बोअरवर नाहीतर टँकरवर निघतात आणि गच्चीवरच्या टाकीत हे सगळे एकत्र होते. तेच पुढे गिझरमध्ये उतरते. इथल्या गिझरचे आयुष्य कंपनीपेक्षा हे पाणीच जास्त ठरवते.

काळ्या खडकातून झिरपलेले पाणी वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, म्हणजे बोलीत चुना, उचलते आणि ‘कठीण’ किंवा ‘जड’ होते. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. म्हणजे 600 चे पाणी नाइलाजाने पिता येते, पण गिझरला ते फार जड जाते. तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, हे ज्या घरात रोजचे आहे त्यांनी पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवालात ‘एकूण कठीणपणा’ हा आकडा पाहावा. पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजणाऱ्या हातातल्या टीडीएस मीटरवर विसंबू नये. खारट पाणी असो की चुन्याचे, त्या मीटरला दोन्ही सारखेच. गिझरला मुख्यतः बाधतो तो चुना.

साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याचे नेमके उलटे. पाणी साठ अंशांच्या आसपास गेले की त्यातला विरघळलेला चुना झपाट्याने वेगळा होतो, आणि सगळ्यात गरम जागा असते कॉईलची, म्हणून पहिला थर तिथेच चढतो. हिशेब करून पाहा. घरात रोज 60 लिटर पाणी तापवले आणि कठीणपणा 600 धरला, तर हिवाळ्याच्या 150 दिवसांत साडेपाच किलोच्या जवळपास क्षार गिझरमधून जातात. त्यातला दहावा हिस्सा जरी मागे राहिला तरी अर्धा किलो चुना आत साचला. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कॉईलच्या आतली तार तापत राहते, तिच्यावरची धातूची नळी तडकते आणि वीज पाण्यात उतरते. त्याआधी गिझर खुणा देतो. तापताना तडतड आवाज येतो, वेळ जास्त लागतो, नळातून पांढरे खवले पडतात. आवाजाला ‘गिझर जुना झाला’ म्हणून सोडून देतात, तो खरे तर साफसफाईचा निरोप असतो.

आता निवडीचे. 15 लिटरचा गिझर 60 अंशांवर तापला आणि त्यात 20 अंशांचे थंड पाणी मिसळले, तर 40 अंशांचे अंघोळीजोगे पाणी 30 लिटर होते, म्हणजे जेमतेम दोन बादल्या. चौघांच्या घराला 25 लिटरचा सोयीचा, नाहीतर 15 चा दोनदा तापवावा. दोन हजार वॅटची कॉईल 15 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 21 मिनिटे घेते, पण 230 व्होल्ट असतील तर. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज 180 वर आले की तीच कॉईल सव्वाबाराशे वॅटच देते आणि वेळ 34 मिनिटांवर जातो. मेकॅनिकला बोलावण्याआधी व्होल्टेज बघावे.

तीन लिटरचा ‘इन्स्टंट’ बोअरच्या पाण्यावर घेऊच नये. इवल्याशा टाकीत तीन हजार वॅटची कॉईल कोंबलेली असते, तिच्यावर चुना फार लवकर चढतो आणि बरीच मॉडेल उघडून साफ करण्याजोगी नसतात. स्वयंपाकघरात, निव्वळ नळाच्या पाण्यावर, तो ठीक आहे. साठवणीच्या गिझरमध्ये काचेचा मुलामा दिलेली टाकी आणि आत मॅग्नेशियमचा दांडा, ही जोडी जड पाण्याला बरी. स्टीलची टाकी दिसायला झकास, पण पाणी खारट असेल तर वेल्डिंगच्या सांध्यापाशी भोके पडतात. कॉईल इन्कोलॉय या निकेलच्या मिश्रधातूची किंवा काचेचा मुलामा असलेली मागावी. आणि दुकानातच विचारावे : खालचे झाकण काढून कॉईल आणि दांडा बाहेर येतो का, सुटा दांडा व गॅस्केट गावात मिळते का? स्टारबद्दल एवढेच की ते स्टार मुख्यतः तापलेले पाणी तसेच ठेवल्यावर किती उष्णता वाया जाते यावर मिळतात. अंघोळी उरकल्या की बटण बंद करणाऱ्या घरात चार आणि पाच स्टारमध्ये फारसा फरक पडत नाही. ते पैसे आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, घालावेत.

बसवताना तीन चुका हमखास होतात. पहिली, थंड पाण्याच्या तोंडाशी असणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. तो तापताना थेंब थेंब गळतो आणि गळायलाच हवा. पाणी तापून फुगते, ते जाणार कुठे? गळती थांबवायची म्हणून त्या तोंडाला बूच मारणे म्हणजे भिंतीवर बॉम्ब टांगणे. त्याला बारीक नळी जोडून मोरीत सोडावी. याच व्हॉल्व्हमधली उलट-रोध झडप चुन्याने अडकली, तर वरची टाकी रिकामी झाल्यावर गिझरमधले पाणी मागे ओसरू शकते आणि कोरडी कॉईल जळते. दुसरी चूक वायरची. दोन हजार वॅटला 2.5, तीन हजार वॅटला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा सॉकेट, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरे अर्थिंग हवे. खरे अशासाठी म्हटले की पुष्कळ घरांत तिसरी पिन कुठेच गेलेली नसते. तिसरी चूक म्हणजे गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप. तो मऊ पडून सांध्यात सुटतो. तिथे सीपीव्हीसीच हवा.

कठीणपणा 400 च्या पुढे असेल तर गिझर दरवर्षी, दिवाळीच्या आधी, उघडावा. काम दोन तासांचे आहे. मेन बंद करून प्लग उपसावा, थंड पाण्याचा कॉक बंद करावा, गरम नळ उघडा ठेवून खालची जोडणी सोडावी म्हणजे टाकी रिकामी होते. झाकण काढल्यावर वायरींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, मग थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) उपसावा. कॉईलच्या प्लेटचे नट समोरासमोरचे आळीपाळीने ढिले करावेत. कॉईल बाहेर आली की ती ओळखूच येत नाही. बोटाएवढी जाड, पांढरट-पिवळट, ज्वारीच्या भाकरीच्या पोपड्यासारखा पापुद्रा धरलेली असते. तो सुरीने खरवडू नये. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व घालून कॉईल तासभर बुडवावी, वायरी जोडण्याची टोके मात्र कोरडी ठेवावीत. फेस येऊन चुना सुटतो. संडास धुण्याचे ॲसिड कदापि वापरू नये. ते चुन्याबरोबर धातूही खाते. टाकीच्या तळाचे खवले हाताने काढून पाण्याने धुवावेत, हातोडी-पेचकस आत घालू नये. काचेचा मुलामा टवका उडून गेला की टाकी तिथूनच गंजते.

मॅग्नेशियमचा दांडा नवा असताना अंगठ्याएवढा जाड आणि गुळगुळीत असतो. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो, हेच त्याचे काम. अर्ध्याहून बारीक झाला किंवा मधली लोखंडी तार दिसू लागली की बदलावा. दांडा संपल्याचे बाहेरून काही कळत नाही. टाकी गळू लागते तेव्हा कळते, आणि गळक्या टाकीला दुरुस्ती नाही. जोडणी करताना गॅस्केट नवेच घालावे. मल्टिमीटर असेल तर दोन हजार वॅटच्या कॉईलचा रोध 26 ओमच्या आसपास दाखवतो. टोक आणि बाहेरच्या नळीत जराही जोड दिसला तर ती कॉईल फेकून द्यावी. शेवटी पाणी सोडून गरम नळातून हवा जाऊन अखंड धार येईपर्यंत थांबावे, मगच बटण दाबावे. नव्या कॉईली जळतात त्यातल्या कितीतरी या पाच मिनिटांच्या घाईत. थर्मोस्टॅट 55 वर ठेवला की चुनाही कमी बसतो.

सोलरचे दुखणे वेगळे. आपल्याकडे ऊन भरपूर, पण सपाट पॅनेलच्या तांब्याच्या बारीक नळ्या बोअरच्या पाण्याने चोंदतात. म्हणून जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा सोलर किंवा हीट एक्स्चेंजरचा पॅनेल, ज्याच्या नळ्यांत बोअरचे पाणी जातच नाही, तो घ्यावा. गंमत अशी की सोलरमध्ये सर्वात जास्त चुना बसतो तो उन्हाळ्यात, जेव्हा गरम पाणी कुणालाच नको असते आणि टाकीतले पाणी दिवसभर उकळीच्या जवळ राहते. एप्रिल-मे मध्ये निम्म्या नळ्यांवर पोते किंवा शेडनेट बांधावे. नळीच्या खालच्या टोकाला आतून चांदीसारखा चकाकता डाग असतो. तो पांढरा पडला की नळीतली पोकळी गेली, ती नळी आता पाणी तापवणार नाही. रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत दुपारी पाणी सोडले की त्या तडातड फुटतात. टाकी भरायची ती सूर्य वर यायच्या आत.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावू नये, तो बाहेर मोकळ्या हवेतच हवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि चक्कर येते तोवर उशीर झालेला असतो. बंद न्हाणीघरात पेटवलेल्या बंबालाही हेच लागू. बाकी तुराट्या-पळाट्यांवर चालणारा तांब्याचा बंब जड पाण्याला गिझरपेक्षा जास्त सोसतो, कारण त्यात जळायला कॉईलच नाही. फक्त आत विस्तव असताना तो रिकामा होऊ द्यायचा नाही, नाहीतर सांधे सुटतात.

राहता राहिली वॉरंटी. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात कठीण पाण्याने झालेले नुकसान वगळलेले असते. विकताना हे कुणी वाचून दाखवत नाही, तक्रार घेऊन गेल्यावर मात्र दाखवतात. दुकानदारांनी बिलावर ‘पाणी : नळ की बोअर’ असा एक रकाना ठेवावा. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींचे पाण्याचे नमुने तपासणीला जातातच. त्या अहवालातला कठीणपणाचा आकडा स्रोतानिहाय फलकावर लिहायला खडूपलीकडे खर्च नाही.

आपला,
गिझर-सोलरची दुरुस्ती करणारा एक वाचक, परभणी