बाबा, आपला माणूस का पडला ते सांगते

वॉटफर्ड, 7 जुलै 2024

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

इथे ब्रिटनच्या निवडणुकीत भारतीय वंशाच्या पंतप्रधान ऋषी सुनकचा पक्ष हरला, त्यावर परवा फोनवर बाबा तुम्ही जे विचारलंत ते डोक्यातून जातच नाहीये. "सुनक आपला माणूस, एवढा शिकलेला, मग तुम्ही लोकांनी पाडलं कशाला त्याला?" मी तेव्हा किचनमध्ये, कुकर लावलेला, पिल्लू कडेवर रडतंय, धड काही बोलताच आलं नाही. नंतर वाईट वाटलं, कारण तलावपाळीच्या बाकावर सकाळी हाच विषय निघणार आणि लेक तिकडे राहते म्हणून सगळे तुमच्याच तोंडाकडे बघणार. म्हणून आज रविवारी बसून सगळं लिहिते. दादाला सांगा प्रिंट काढून द्यायला, मोबाईलवर तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही.

आधी एक, सुनक स्वतः पडला नाही, त्याची यॉर्कशरमधली सीट त्याने राखली. पडला तो पक्ष, हुजूर पक्ष, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह. पार्लमेंटच्या 650 जागांपैकी 2019 ला 365 होत्या, आता 121. इतक्या कमी जागा त्यांच्या इतिहासात कधीच आल्या नव्हत्या. लिझ ट्रस, माजी पंतप्रधान, ती 630 मतांनी गेली. आमचं वॉटफर्ड 2010 पासून त्यांच्याकडे होतं, तेही गेलं.

आता आपला माणूस. बाबा मला 2022 ची दिवाळी आठवतेय, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच त्याचं नाव पक्कं झालं आणि तुम्ही फोन करून केवढे खुश होतात, सोसायटीत पेढे वाटल्याचं सांगितलंत. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू, त्याच्या दारात दिवे लागलेले बघून ऑफिसमध्ये मी सगळ्यांना दाखवत होते. पण नंतरच्या दीड वर्षात आमच्यासारख्यांचं काय झालं ते बघा ना. व्हिसाबरोबर दवाखान्याचा जो सरचार्ज भरावा लागतो तो वर्षाला 624 पाउंड होता तो 1,035 केला, तो पण माणशी. कामाच्या व्हिसासाठी पगाराची अट 26,200 वरून 38,700 वर नेली. आणि म्हाताऱ्यांची सेवा करायला ज्या मुली येतात, केअर वर्कर, त्यांना 11 मार्चपासून नवरा-मुलं आणायलाच बंदी. पाडव्याच्या कार्यक्रमात मला कळव्याची एक मुलगी भेटली, नुकतीच आलेली, तीन वर्षांचा मुलगा सासूपाशी ठेवून. सगळे श्रीखंड खात होते आणि ती जिन्यात उभी राहून व्हिडिओ कॉलवर त्याला भात भरवल्यासारखं करत होती, "हा घे काऊचा, हा घे चिऊचा", आणि तिकडे सासू खरा घास घालत होती. दुसऱ्यांचे आईवडील इथे ती धुते-पुसते आणि तिचं पोर कळव्यात. आपला माणूस म्हणजे काय मग बाबा? नाव आपलं, देव आपले, हे मला पण आवडतं, पण मत त्याने होत नाही, निदान माझं तरी नाही होत.

दुसरं म्हणजे पैसे. सुनकच्या आधी ट्रसबाई 49 दिवस पंतप्रधान होत्या पण त्या 49 दिवसांनी आमच्या घराचं गणित मोडलं. 23 सप्टेंबर 2022 ला त्यांच्या अर्थमंत्र्याने टॅक्स कमी करायचं जाहीर केलं आणि तेवढा पैसा येणार कुठून ते सांगितलंच नाही, सरकारला उधार देणारे घाबरले, पाउंड आपटला, व्याजदर चढले. इथे घराच्या लोनचा दर दोन किंवा पाच वर्षांसाठी बांधून देतात, आमचा बांधलेला दर नेमका 2023 ला संपला. हप्ता 1,050 पाउंडांचा 1,480 झाला. तेव्हा आई तुला मी कारण सांगितलं नव्हतं की गणपतीला का येत नाहीये, तिकिटं महाग आहेत एवढंच म्हणाले होते. कारण हे होतं. सुनकने नंतर घडी बसवायचा प्रयत्न केला हे मान्य, तो येण्याआधी त्याने ट्रसला हे चालणार नाही असं बजावलंही होतं, पण लोक पक्ष बघतात, आणि पक्ष तोच होता, 14 वर्षं.

पण खरं सांगू का, पैशापेक्षा लोकांना दुसरंच लागलं. आमच्या शेजारच्या आजी, आई तू बाळंतपणाला आली होतीस तेव्हा ज्या केक घेऊन आल्या होत्या आणि तू त्यांना तिळाचे लाडू दिलेस, त्या. 79 वय. जन्मभर हुजूर पक्ष, दर निवडणुकीला खिडकीत पक्षाचा निळा कागद. त्यांचे मिस्टर एप्रिल 2020 मध्ये गेले, कोविडचा काळ, अंत्यसंस्काराला पाच-सहा माणसं, तीही लांब लांब बसलेली, सख्खी मुलगी खांद्यावर हात ठेवू शकली नाही. नंतर कळलं की त्याच लॉकडाऊनमध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या घरी पार्ट्या चालू होत्या, पोलिसांनी जॉन्सनला दंड केला, सुनकलाही केला. आजी तेव्हा काही बोलल्या नाहीत. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनला चौदा महिने थांबल्या, इंग्लंडभरात वेटिंग लिस्टवर 75 लाखांच्या वर केसेस होत्या, तेव्हाही म्हणाल्या चालायचंच. पण 6 जूनला दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईला 80 वर्षं झाली, फ्रान्समध्ये मोठा कार्यक्रम होता, जगातले नेते आले होते, शंभरीच्या घरातले सैनिक व्हीलचेअरवर, आणि सुनक तो अर्धा सोडून टीव्हीला मुलाखत द्यायला परत आला. दुसऱ्या दिवशी माफी मागितली. आजींचे वडील त्या किनाऱ्यावर उतरले होते. त्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना त्यांनी मला थांबवलं आणि एवढंच म्हणाल्या, थोडा वेळ थांबला असता तर काय बिघडलं असतं. डोळे भरले होते. यावेळी खिडकीत कागद लागला नाही.

4 तारखेला मी त्यांना गाडीतून घेऊन गेले मतदानाला. हो, आपल्या भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं, कॉमनवेल्थमुळे, तोच पासपोर्ट ओळख म्हणून दाखवला. गुरुवार होता, सुट्टी वगैरे काही नसते, सकाळी 7 ते रात्री 10, ऑफिसच्या आधी नाहीतर नंतर जायचं. चर्चचा हॉल, दोन टेबलं, रांगच नाही. तुम्ही 20 मे ला उन्हात दोन तास उभे होतात आणि शाईच्या बोटाचा फोटो पाठवलात, इथे शाई नाही, मशीन नाही, लांबलचक कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल, फुली मारायची. माझं दोन मिनिटांत झालं. आजी आत खूप वेळ होत्या. बाहेर आल्या, पेटीत कागद टाकला आणि गाडीत बसेपर्यंत माझा दंड सोडला नाही. कोणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

रात्री दहाला एक्झिट पोल आला तेव्हा वाटलं रस्त्यावर आवाज येईल. काही नाही. फटाके नाहीत, गुलाल नाही. स्टार्मरच्या मजूर पक्षाला, म्हणजे लेबरला, 411 जागा मिळाल्या पण मतं जेमतेम 34 टक्के, 2019 ला ते जोरदार हरले होते तेव्हासुद्धा टक्का कमी असला तरी मोजून त्यांना याहून जास्त मतं पडली होती. आपल्यासारखंच आहे इथे, ज्याला जास्त मतं तो निवडून आला, बाकीच्यांची गेली, त्यामुळे मतं फुटली की जागा धडाधड पडतात. उजव्या विचारांच्या रिफॉर्म पक्षाला 14 टक्के मतं आणि जागा 5. आणि 40 टक्के लोक तर आलेच नाहीत. म्हणून बाकावर कोणी म्हणालं ना की स्टार्मरची लाट होती, तर नाही म्हणून सांगा. ऑफिसात, शाळेच्या गेटवर, न्हाव्याकडे, मी एकाच्याही तोंडून स्टार्मरचं कौतुक ऐकलं नाही, सगळ्यांचं एकच, आता बास. मला त्याची काळजी पण वाटते, कारण रागाने दिलेलं मत रागानेच परत जाईल.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा मला आजोबा आठवत होते. तुम्ही सांगायचात ना, 77 ला, जन्मभर काँग्रेस, गांधी टोपी, आणीबाणीत शेजारच्या मास्तरांना नेलं तेव्हापासून गप्प गप्प असायचे, आणि मार्चमध्ये मत द्यायला निघाले तर आजीने विचारलं कुठे शिक्का मारणार, तर उत्तर न देता चपला घालून गेले. ठाण्यातून जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी निवडून आले आणि अख्खा नौपाडा रस्त्यावर आला, पण आजोबा खिडकीत आले नाहीत. जेवायला बसल्यावर एक वाक्य बोलले होते म्हणालात. ते वाक्य मला नीट आठवत नाहीये, आणि मला ते हवंय. रविवारी फोन करते तेव्हा सांगा.

आई, शेजारच्या आजींनी लाडवांची रेसिपी मागितली आहे, गूळ किती ते लिहून पाठव.

तुमची,
छकुली