नोटिशीतला 'व्यावसायिक' हा शब्द तेवढा काढा

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब आणि सोसायटीची कमिटी,
भुसावळ

विषय : १५ दिवसांत गॅरेज बंद करा या नोटिशीबद्दल (पत्र लांब झालंय, चहा घेऊन बसा)

आप्पा, नमस्कार. पत्र आहे म्हणून वर अध्यक्ष साहेब लिहिलं, पण लहानपणापासून तुम्हाला आप्पाच म्हणत आलोय तर पुढे तेच चालू ठेवतो, रागावू नका.

नोटीस मिळाली. तेलाचे डाग, आवाज, धूर असं बरंच काही लिहिलंय, त्यातलं बरचसं खरं आहे आणि ते मी खाली मान्यही करतो. पण पहिल्याच ओळीत "सदर सभासद राहत्या घरात व्यावसायिक गॅरेज चालवत आहेत" हे जे वाक्य आहे ना, ते वाचून बायको पाच मिनिटं हसत होती. म्हणे व्यवसाय असता तर मागच्या दिवाळीला फ्रिज आला असता. आप्पा, अडीच वर्षांत त्या शेडमधून एक रुपया बाहेर आलेला नाही, आत मात्र किती गेला ते मी घरी पण पूर्ण सांगितलेलं नाही. एकदा समोरच्या काकूंच्या नातवाच्या सायकलची चेन बसवून दिली तर त्यांनी लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली, तेवढंच काय ते उत्पन्न.

आम्ही चार जण आहोत, तुम्ही सगळ्यांना ओळखता. एक रेल्वेत लोको शेडला, एकाची रावेरकडे केळीची बाग, एकाचं कृषी केंद्र आणि मी मास्तर. चौघांनी मिळून एक महिंद्राची एमएम ५४० जीप घेतली, १९९० चं मॉडेल. केळीवाल्या मित्राच्या गावातच ती निंबाखाली उभी होती, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली, ती उठेपर्यंत आम्हाला खरंच दोन आठवडे थांबावं लागलं. आत प्युजोच्या डिझाइनचं २११२ सीसी डिझेल इंजिन आहे, आता त्यावर मनापासून हात घालणारे मिस्त्री फार कमी राहिलेत. आधी आम्ही गाडी बाहेर एका ठिकाणी दिली होती, चार महिने ती कोपऱ्यात पडून राहिली आणि परत आली तेव्हा तिचा जॅक आणि स्टेपनी दोन्ही गायब. तेव्हा ठरवलं की आपणच करू, रविवारी रविवारी, नाही आलं तर शिकू.

नोटिशीला जो फोटो लावलाय त्यात दोन गाड्या दिसतात आणि त्यावरून "ग्राहकांची वाहने" असं लिहिलंय. दुसरी गाडी म्हणजे केळीवाल्याची जिप्सी, जुनी ९७० सीसीवाली, त्याच्याच नावावर, आरसी पाहिजे तर झेरॉक्स देतो. तिचे स्प्रिंगचे पाटे बसले होते, त्यांना परत कमान मारून आणली, नवीन बुश टाकले, गेली. आमचं एकमेकांत असंच चालतं, आज मी त्याच्या गाडीखाली झोपलो की पुढच्या रविवारी तो आमच्या गाडीखाली. पैसे घ्यायचे तर कोण कोणाकडून घेणार?

आता चुका.

तेल. बरोबर आहे, रस्त्यावर डाग पडलेत, ते आमचेच. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, उतरवताना त्याचं सील फाटलं आणि सगळं गिअर ऑइल उतारानं पार बागेच्या कट्ट्यापर्यंत गेलं. आणि आप्पा, एक गोष्ट आजवर सांगितली नव्हती. पावसाळ्याआधी सगळ्यांना गटारीचा वास येत होता आणि सोसायटीनं माणूस बोलावून चेंबर उपसून घेतलं, तो वास चेंबरचा नव्हता. ९० नंबरच्या गिअर ऑइलमध्ये गंधकाची भर असते, जुनं झालं की ते असंच सडक्या अंड्यासारखं येतं. आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं पण सांगायला तोंड झालं नाही. चेंबरचा खर्च माझ्या मेंटेनन्समध्ये लावा. आता खाली ट्रे आणि भुसा दोन्ही ठेवतो, आणि जळकं ऑइल कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याला देतो, गटारीत एक थेंब टाकत नाही.

आवाज. कायद्यात राहत्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे, मी मोबाईलवर गेटपाशी मोजलं तर ग्राइंडर चालू असताना ८० च्या वर आकडा गेला. म्हणजे इथे मी भांडूच शकत नाही. पण आम्ही रात्री का करतो ते पण बघा, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी उन्हात राहिलेला पाना हातात धरवत नाही, बोनेटवर पापड भाजेल. म्हणून उन्हाळ्यात काम संध्याकाळनंतर सरकत जातं. ज्या रात्री साडेनऊला ठणठण झालं आणि तुम्ही स्वतः लुंगीवर खाली आलात त्या रात्री यू-बोल्ट (पाटे ऍक्सलला आवळून धरणारा) निघत नव्हता, गंजून एकजीव झालेला, डिझेल टाकून दोन दिवस ठेवलेला तरी हलेना, शेवटी घणानंच निघाला. इतका आनंद झाला होता की तुम्ही मागे उभे आहात ते कोणाला दिसलंच नाही, सॉरी. यापुढे ग्राइंडर आणि घण दुपारी १ ते ४ बंद, संध्याकाळी ७ नंतर पूर्ण बंद. एप्रिल-मे मध्ये त्याऐवजी सकाळी साडेसहा ते दहा द्या, एवढीच विनंती.

लाईट. वेल्डिंग चालू केलं की शेजारच्या वहिनींच्या टीव्हीचा उजेड कमी-जास्त व्हायचा आणि नेमकं सिरीयलच्या वेळेला, हे पण खरं. तेव्हा जुनं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन होतं, भयंकर करंट खायचं. आता छोटं इन्व्हर्टरचं मशीन घेतलंय, वहिनींना विचारा, मागच्या दोन महिन्यांत काही झालं का.

आगीची भीती म्हणाल तर ती मला सगळ्यात योग्य वाटली, कारण ती आम्हालाही वाटते. म्हणून गॅस कटिंगचं काम इथे करतच नाही, सिलेंडर आणलेला नाही. पेट्रोलच्या टाकीला तर हात लावत नाही, लोकांना वाटतं रिकामी टाकी म्हणजे बिनधास्त, पण रिकाम्या टाकीत वाफ असते आणि तीच भडकते. जिप्सीची टाकी गळत होती ती बाहेर रेडिएटरवाल्याकडे पाठवली, त्यानं पाण्यानं भरून मगच झाळली. शेडच्या दारात पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर लटकवलाय, तारीख बघून घ्या.

धुराचा मुद्दा मात्र अजिबात मान्य नाही. तो धूर गाडीचा नव्हता, भरिताच्या वांग्यांचा होता. डिसेंबरात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली, बडगीत (लाकडी उखळात) ठेचली, सोबत कळण्याची भाकरी आणि पुऱ्या, आणि कमिटीतले तीन जण पंगतीला होते. नावं घेत नाही. एकानं तर डबा भरून घरी नेला.

बेकायदेशीर मॉडिफिकेशन असं पण एक वाक्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आम्ही वाचलंय, कंपनीनं दिलेली गाडीची मूळ रचना आपल्या मनानं बदलता येत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय. म्हणून इंजिन तेच, चेसिस तीच, नंबर जागेवर. आमच्यातल्या एकाला (नाव घेत नाही, पण तो केळी विकतो) ट्रॅक्टरसारखे मोठे टायर आणि पुढे जाडजूड बुलबार पाहिजे होता, बुलबारवर २०१७ लाच बंदी आलीय म्हणून सांगितलं तर दोन रविवार रुसून आला नाही. आम्ही फक्त गंजलेला फ्लोअर कापून नवा पत्रा मारला, पुढचे ऍक्सल सील बदलले, ब्रेकचं काम केलं आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी सोय, पुन्हा चालू केलं. पंधरा वर्षांपुढची गाडी म्हणून दर पाच वर्षांनी आरटीओत दाखवून रजिस्ट्रेशन वाढवावं लागतं, तिथे पास झाल्याशिवाय ती सोसायटीच्या गेटबाहेर रस्त्यावर जाणार नाही.

हो, जुलैमधला किस्सा तुम्ही काढणारच, तर मीच काढतो. पाण्याचा टँकर मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये काळ्या मातीत रुतला आणि आम्ही मोठ्या ऐटीत लो गिअर टाकून जीप घेऊन गेलो, आतल्या आतच काय ती धाव. लो मध्ये स्पीड अडीच पट कमी होतो आणि ताकद तेवढीच वाढते, हे मी जमलेल्या पोरांना वर्गात शिकवावं तसं समजावून सांगत होतो. पण ताकद असून उपयोग काय, साधा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकात ताकद वाटणारा गिअर) जे चाक हलकं झालं त्यालाच फिरवत बसतो, एक पुढचं आणि एक मागचं चाक नुसतं चिखल उडवत होतं आणि बाकीची दोन शांत. पाच मिनिटांत टँकर होता तिथेच आणि जीप पोटावर. शेवटी ट्रॅक्टर बोलावला, त्यानं दोघांना ओढून काढलं आणि पैसेही दोघांचे घेतले. आमचे आजोबा मूळ साक्रीचे, ते गॅलरीतून ओरडले, "हाई गाडी चालनार शे का नही रे भो?" अजून रोज विचारतात.

तर आप्पा, मागणी एकच. डागांचा दंड लावा, चेंबरचा खर्च लावा, वेळा लिहून द्या, मी सही करतो. पार्किंग गाडी लावायलाच आहे हा नियम मला माहितीये आणि गाडी लावलेलीच आहे, फक्त तिची चाकं सध्या माळ्यावर आहेत. दिवाळीपर्यंत मुदत द्या, तोपर्यंत ती चाकांवर उभी राहील, मग पहिली चक्कर सातपुड्यात पालला. पण ते "व्यावसायिक" खोडा. रेकॉर्डला ते राहिलं तर उद्या मेंटेनन्सला वेगळा दर लागेल, मी सरकारी पगारावर आहे म्हणून शाळेत उत्तर द्यावं लागेल, आणि मुख्य म्हणजे आम्ही चौघं कामावर नाही जात तिथे, आठवडाभर कामावरच असतो म्हणून तिथे जातो.

रविवारची मीटिंग शेडमध्येच ठेवता आली तर बरं. गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) आहे, ती काही हॉलमध्ये येऊ शकत नाही, आणि सगळ्यांनी खाली वाकून बघितलं की निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. वरण-बट्टी आमच्याकडून.

आपला,
रो हाऊसवाला मास्तर

ता. क. आमचा १९ नंबरचा रिंग पाना तीन आठवड्यांपासून सापडत नाहीये. पाण्याच्या मोटारीचं काम झालं तेव्हा सोसायटीसाठी कोणीतरी नेला होता असं वॉचमनकाका सांगतात. कमिटीच्या कपाटात बघा जरा.