शमे, हिरे राहू देत, आधी झाकण उघडायला लाव

प्रिय शमा,

तू पाठवलेलं लिलावाच्या कॅटलॉगचं, त्या जुन्या मनगटी घड्याळाचं पान मी चार-पाच वेळा मोठं करून बघितलं. काळ्या रेशमी दोरीचा पट्टा, प्लॅटिनमची लांबट केस, कडेने हिरे आणि चारी कोपऱ्यांत ते निळे चौकोनी खडे, बघून माझाही जीव जरा वरखाली झाला हे कबूल करते. 'बोली लावू का' एवढंच विचारलंयस तू, पण मी काय तुला आज ओळखते, मनातल्या मनात तू ते कधीच हातात घालून मिरवलंयस.

आधी तुझा तो गोंधळ मिटवते. '17 ज्वेल्स' वाचून तू फोटोतले हिरे मोजत बसलीस आणि म्हणतेस हे तर कितीतरी जास्त आहेत, चुकून कमी लिहिलेत वाटतं! अगं बाई, ते 17 वेगळे, ते आत मशीनमध्ये असतात. चाकांच्या बारीक अणकुचीदार टोकांना फिरायला माणकांत बारकी भोकं पाडलेली असतात, म्हणजे धातूवर धातू घासून झीज होत नाही आणि थेंबभर तेलही जागेवर टिकतं. ही युक्ती फार जुनी, 1704 मध्ये लंडनला तिचं पेटंट घेतलंय. जुन्या घड्याळांत बॅलन्स, म्हणजे आतलं ते मागेपुढे झुलणारं चाक, बहुतेक तासाला 18,000 ठोके टाकतो, म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार, मग काय होणार त्या टोकांचं तूच विचार कर. आणि ही माणकं कारखान्यात बनवलेली असतात, विकायला गेलीस तर कोणी काही देणार नाही.

तुझे ते निळे खडेसुद्धा तसलेच असू शकतात हं. व्हेर्नई नावाच्या फ्रेंच माणसाने 1902 मध्ये ज्योतीत पावडर वितळवून माणिक करायची पद्धत जाहीर केली, थोड्याच वर्षांत नीलमही त्याच पद्धतीने व्हायला लागला आणि त्या काळातल्या चांगल्या चांगल्या दागिन्यांत हे खडे वापरलेत. त्यामुळे उद्या कोणी 'हे नीलम बनवलेले आहेत' म्हणालं तर लगेच नाक मुरडू नकोस, ते पहिल्यापासून त्याच कोंदणात असतील तर घड्याळाशी प्रामाणिकच आहेत. उलट एखादाच हिरा बाकीच्यांपेक्षा जास्त झगमगत असेल तर भिंगातून बघ, कारण तेव्हा बारक्या हिऱ्यांना बहुधा 17-18 पैलूच पाडायचे, हल्लीच्यांना 57-58 असतात, म्हणजे तो मागाहून बसवलेला असायची शक्यता जास्त.

आता माझी फजिती सांगते, जी मी तुला आजवर सांगितली नाही, कारण तू हसली असतीस. मीही एकदा लिलावात असंच एक घेतलं होतं, नुसत्या फोटोवर भाळून. घरी आणून कानाला लावलं तर टिकटिक नाही, वाटलं चावी संपली असेल, म्हणून चावी फिरवायला घेतली तर ती आपली गुळगुळीत फिरतेय, कुठे अडकतच नाही. घड्याळजींनी झाकण उघडलं आणि काही न बोलता ते माझ्यासमोर धरलं, तर आत बॅटरी! जुनं मशीन कधीतरी बंद पडलं असणार, कोणीतरी ते काढून क्वार्ट्झ बसवलं आणि बाहेरचे हिरे तसेच. लिलाववाल्यांना फोन केला तर म्हणे 'वस्तू आहे तशी' असं अटींमध्ये लिहिलंय, बघायला तीन दिवस ठेवलेलं होतं, तुम्ही आला नाहीत. काय बोलणार, वाचलं नव्हतं हे खरंच होतं.

म्हणून तुला सांगते, कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तू कशा अवस्थेत आहे ते लिहिलेला कागद, माग आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन बघ. झाकण उघडून दाखवा म्हण, तिथे लाजू नकोस. मशीन मूळचं आहे का, चावी देताना हाताला घट्ट होत जातेय का, डायल पुन्हा रंगवलाय का (आकड्यांच्या कडा जाड-बारीक झाल्या असतील तर संशय घे). वर्णनात पॅरिस, साधारण 1925 असं लिहिलंय ना, मग प्लॅटिनमवर कुत्र्याच्या डोक्याचा एवढासा छाप शोध, फ्रान्समध्ये तो 1912 पासून मारतात. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तिरपं धरून बघ, दुरुस्ती करणारे तिथे सुईने आपली खूण आणि तारीख ओरखडून ठेवायचे. मला असे ओरखडे हिऱ्यांपेक्षा आवडतात, कोणीतरी ते रोज वापरत होतं, बंद पडल्यावर धावत घेऊन जात होतं, हे त्यातून कळतं.

बाकी ही इवलीशी मशीनं म्हणजे कमाल आहे बघ. जेगर-लेकूल्त्र या घड्याळाच्या कंपनीने 1929 मध्ये काढलेलं 101 नंबरचं मशीन जेमतेम एक ग्रॅमचं, 14 मिलिमीटर लांब, आणि चावी मागच्या बाजूला! ते असलेलं घड्याळ एलिझाबेथ राणीच्या हातात 1953 च्या राज्याभिषेकाला होतं. पण जेवढं मशीन लहान तेवढी दुरुस्ती अवघड, भाग मिळत नाहीत, हे घड्याळ रोज दोन-चार मिनिटं इकडे तिकडे जाणार, पाण्याचा थेंब चालणार नाही, आणि तू हात धुताना घड्याळ काढणारी बाई नाहीस.

हो, आणि पैशाचं. हातोडा ज्या आकड्यावर पडतो तो तुझा शेवटचा आकडा नाही, त्यावर लिलाववाल्यांचं कमिशन चढतं, बऱ्याच ठिकाणी पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त, वर कर. कॅटलॉगमधल्या अंदाजात हे धरलेलं नसतं. तेव्हा सगळं मिळून किती झेपेल ते आधी ठरव, उलटं गणित करून बोलीचा आकडा काढ, आणि तो मला आदल्या रात्री लिहून पाठव. त्याच्यापुढे हात वर केलास तर मी तुला फोन करून ओरडणार आहे.

रिपोर्ट आला की फोटो पाठव, झाकणाच्या आतल्या बाजूचा. हिऱ्यांचे नकोत, ते बघून झाले.

तुझीच,
नीलू