दुसऱ्याच्या यादवीत फौज पाठवायची का?

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

वादविवाद स्पर्धेचा विषय कळला. परक्या देशातल्या यादवीत लष्करी हस्तक्षेप करावा का, आणि तुझ्या वाट्याला ‘करावा’ ही बाजू आली आहे. मानवता, शांतता, सार्वभौमत्व या शब्दांवर बाकीचे सगळे तुटून पडणार आहेत, त्यांना ते खुशाल घेऊ दे. तू एकच प्रश्न धरून ठेव: फौज जिंकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देशातली कचेरी कोण उघडणार? या प्रश्नाला माणसांच्या नावानिशी उत्तर देता येत असेल तरच हस्तक्षेपाला ‘हो’ म्हणावं, असं माझं मत आहे.

उदाहरणांसाठी लांब जायला नको. आपल्याच लष्करानं सोळा वर्षांच्या अंतरानं दोन शेजाऱ्यांच्या यादवीत पाऊल टाकलं, एकदा 1971 मध्ये आणि एकदा 1987 मध्ये. जवान तेच, शिस्त तीच, निकाल मात्र दोन टोकांचे.

डिसेंबर 1970 च्या निवडणुकीत शेख मुजीब यांच्या अवामी लीग पक्षानं पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, 169 पैकी 167 जागा जिंकल्या. 25 मार्च 1971 च्या रात्री पाकिस्तानी लष्करानं ढाक्यात कत्तल सुरू केली, आणि 17 एप्रिलला ताजुद्दीन अहमद पंतप्रधान असलेल्या बांगलादेशाच्या हंगामी सरकारनं शपथही घेतली. म्हणजे भारत उघडपणे युद्धात उतरण्याच्या साडेसात महिने आधी कचेरी उघडणारी माणसं तयार होती, आणि ती लोकांनी निवडून दिलेली होती. तोवर इकडे एक कोटीच्या आसपास निर्वासित आले होते, त्यामुळे ‘तुमचा काय संबंध’ असं भारताला कुणी विचारू शकत नव्हतं.

मधल्या महिन्यांत काय केलं ते नीट वाच, कारण खरी कारागिरी तिथं आहे. पावसाळ्यात बंगालच्या नद्या फुगलेल्या असताना रणगाडे आणि तोफा हलत नाहीत, म्हणून हिवाळ्याची वाट पाहिली. हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद झाल्या की चीनची धास्ती उतरते, हा दुसरा हिशेब. 9 ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला, त्यामुळे सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले तेव्हा नकाराधिकार वापरणारा दोस्त हाताशी होता. मुक्तिवाहिनीला, म्हणजे पाकिस्तानशी लढणाऱ्या बंगाली सैनिकांना, प्रशिक्षण दिलं, वाटा आणि पूल ठाऊक असलेली माणसं आपल्या तुकड्यांबरोबर आली. 3 डिसेंबरला युद्ध पेटलं, 6 डिसेंबरला बांगलादेशाला मान्यता दिली, 16 डिसेंबरला शरणागती झाली, 93,000 युद्धकैदी हाती आले. आणि 12 मार्च 1972 ला ढाक्यात आपल्या फौजेचं निरोपाचं संचलन झालं. तेरा दिवसांच्या विजयाचं कौतुक सगळे करतात. मला मात्र तीन महिन्यांत परत फिरणं जास्त अवघड वाटतं. जिंकलेल्या राजधानीतून कुणी आपण होऊन लवकर निघत नाही.

आता श्रीलंका. 29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. सही दोन सरकारांची, भांडण मात्र श्रीलंका सरकार आणि तमिळ संघटना यांच्यातलं. ज्यांनी शस्त्रं खाली ठेवायची त्या एलटीटीईची, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या संघटनेची, सहीच नव्हती! युद्धबंदीनंतर 72 तासांत शस्त्रं जमा व्हायची होती. दाखवण्यापुरती थोडी झाली आणि पुढं थांबली. आपल्या लष्कराची शांतिसेना तिथं गेली ती पंच म्हणून. ज्या संघटनेवर पंचगिरी करायची तिला काही वर्षांपूर्वी आपणच प्रशिक्षण दिलेलं, त्यामुळे सिंहली लोकांचा विश्वास नव्हता. आणि आता तिचीच शस्त्रं काढून घ्यायला आलेले, म्हणून तमिळांचाही उडाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलानं एलटीटीईची माणसं पकडली. त्यांना कोलंबोला न्यायचा हट्ट सरकारनं धरला आणि त्यांतल्या बारा जणांनी सायनाइड खाऊन जीव दिला. ते आपल्या फौजेच्या पहाऱ्यातल्या पलाली विमानतळावर घडलं, म्हणून दोष आपल्यावर आला. त्याच आठवड्यात पंच असलेली फौज पक्षकार झाली. काम बदललं, पण तयारी जुन्याच कामाची.

जाफना विद्यापीठावरची कारवाई बघ. 11-12 ऑक्टोबरच्या रात्री हेलिकॉप्टरनं पॅरा कमांडो आणि 13 शीख लाइट इन्फन्ट्रीची तुकडी उतरवून एलटीटीईचे नेते पकडायचे होते. आपलं रेडिओवरचं बोलणं शत्रूनं आधीच ऐकलेलं होतं. हेलिकॉप्टरवर इतका मारा झाला की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या आणि उतरलेले तीस शीख जवान एकटे पडले. त्यांतले एकोणतीस मारले गेले, एक कैद झाला. आपल्या जवानाच्या हातात एकेक गोळी झाडणारी जड एसएलआर रायफल, समोरच्याच्या हातात एके-47. गल्लीतल्या लढाईत हा फरक जीवघेणा ठरतो. वाटेत पेरलेले सुरुंग ते वेगळेच.

इथं संख्येचा हिशेब मांड, परीक्षक कान टवकारतील. लोक विरोधात असलेला मुलूख शांत ठेवायला दर हजार लोकांमागे वीस सशस्त्र माणसं लागतात, पोलीस धरून, असा लष्करी अभ्यासकांचा ढोबळ आडाखा आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची 2011 ची लोकसंख्या 38 लाख 76 हजार. म्हणजे शिरोळपासून चंदगडपर्यंत फक्त एवढा एक जिल्हा धरून ठेवायला साडेसत्त्याहत्तर हजार माणसं. शांतिसेना ऐन भरात असताना साधारण तेवढीच होती. शिवाय एक तुकडी तिथं असली की एक तयारीत आणि एक परत येऊन विश्रांतीवर लागते, म्हणजे आकडा तिप्पट. हाच आडाखा सात कोटींच्या पूर्व बंगालला लावलास तर चौदा लाख येतात. एवढी फौज आपल्याकडे नव्हती आणि लागलीही नाही, कारण लोक आपल्या बाजूला होते. हा फरक तुझ्या भाषणाचा कणा होऊ शकतो.

पुढं 1989 मध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदास यांनी आपल्याला निघून जायला सांगितलं आणि आपल्याशी लढायला एलटीटीईला शस्त्रंही दिली. ज्या सरकारनं बोलावलं त्याच सरकारनं! 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी निघाली तेव्हा सुमारे 1,200 जवान गेलेले होते. आपण उभं केलेलं श्रीलंकेतल्या ईशान्य प्रांताचं सरकार फौजेबरोबरच कोसळलं. मद्रासच्या बंदरात उतरलेल्या जवानांच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री गेले नाहीत. म्हणजे घरातही एकमत नव्हतं. ती यादवी संपली 2009 मध्ये, आपल्याशिवाय.

एक जवळचं उदाहरण देतो. कोल्हापूरकर म्हणून ते तुझ्या तोंडी शोभेल. सातारा आणि करवीर या दोन गाद्यांचा वाद चालू असताना 1727 मध्ये निजामानं करवीरच्या संभाजीराजांचा पक्ष घेतला. खरा हक्कदार शाहू की संभाजी हे ठरलेलं नाही, असं कारण पुढं करून त्यानं चौथ-सरदेशमुखी अडवून धरली. भावकीच्या बांधाचा निवाडा करायला आलेल्यानं दोघांचंही पीक स्वतःच्या खळ्यावर ठेवावं, तसला प्रकार. निजाम पुण्यावर चालून आला. बाजीरावानं पुणं वाचवायला धाव घेतलीच नाही; तो निजामाच्याच मुलखात घुसला आणि फेब्रुवारी 1728 मध्ये वैजापूरजवळ पालखेडला त्याला पाण्यावाचून कोंडलं. मुंगी-शेवगावच्या तहात निजामाला संभाजीराजांची बाजू सोडावी लागली. पुढं 1731 मध्ये वारणेच्या तहानं दोन चुलतभावांनी आपसात वाटणी केली, वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकडे. तीही पूर्ण समजुतीनं नव्हे, आधी संभाजीराजे लढाई हरल्यावर. पण ती टिकली.

बोलावणाऱ्याचं काय होतं ते पाहायचं तर 31 डिसेंबर 1802 चा वसईचा तह आहे. होळकरांकडून हरलेल्या दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांची सहा हजारांची फौज मागितली आणि 26 लाख उत्पन्नाचा मुलूख लिहून दिला. फौज आली, गादीही परत मिळाली. सोळा वर्षांनी पेशवाईच उरली नाही. ‘आम्हाला त्यांच्या सरकारनं बोलावलं’ एवढ्यावर हस्तक्षेप योग्य ठरत नाही, हे समोरचे म्हणणारच. तूच आधी म्हणून टाक.

कायद्यावर फार वेळ घालवू नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 2(4) दुसऱ्या देशावर बळ वापरू देत नाही. वाटा तीनच: सुरक्षा परिषदेचा ठराव, कलम 51 खालचं स्वसंरक्षण, किंवा तिथल्या सरकारची संमती. संमतीची मेख अशी की यादवीत सरकार कोणतं हाच तर वाद असतो. आपल्याकडे फौज बाहेर पाठवायला संसदेचं आधी मतदान लागत नाही, मंत्रिमंडळ ठरवतं. अमेरिकेत 1973 च्या कायद्यानं संसदेच्या मंजुरीशिवाय फौज लढवायला साठ दिवसांची मुदत आहे, ती किती पाळली जाते हा भाग निराळा.

तुझ्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण रवांडा. एप्रिल 1994 मध्ये तिथं हुतू कट्टरपंथीयांनी तुत्सींची कत्तल सुरू केली तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सुमारे 2,500 सैनिक होते. बेल्जियमचे दहा मारले गेल्यावर बेल्जियमनं आपली तुकडी काढून घेतली आणि सुरक्षा परिषदेनं उरलेल्यांची संख्या 270 वर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मेली, बरीचशी कोयत्यानं आणि दंडुक्यानं. जिथं मारेकऱ्यांकडे तोफा नाहीत तिथं थोडी फौजही लोकांना वाचवू शकते. हे म्हणताना आवाज चढवू नकोस, आकडाच पुरे.

लिबिया समोरून येईल. तिथं बळ वापरायला परवानगी देणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या मार्च 2011 च्या ठरावावर (क्रमांक 1973) भारत तटस्थ राहिला होता. नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीनं सात महिने वरून बॉम्ब टाकले, हुकूमशहा गद्दाफी गेला, आणि कचेरी उघडायला एकमुखी कुणी नव्हतं. 2014 मध्ये दुसरी यादवी पेटली. उत्तर देताना लिबियाचं समर्थन करत बसू नकोस. हे उदाहरण तुझाच मुद्दा सिद्ध करतं असं म्हण.

मालदीव मात्र देऊ नकोस. 1988 ची ती कारवाई झकास होती, आग्र्याहून उडालेली विमानं त्याच रात्री तिथल्या हुलहुले विमानतळावर उतरली. पण ते भाडोत्री लोकांनी केलेलं बंड होतं, यादवी नव्हे. चांगला परीक्षक तिथंच गुण कापेल.

शांतिसेनेच्या मृतांचा आकडा सांगताना ‘सुमारे’ म्हण, वेगवेगळ्या ठिकाणी थोडा फरक सापडतो. वेळ कमी पडला तर वसई आणि कायदा गाळ, पालखेड ठेव. उलटतपासणीत ‘मग आज एखाद्या देशात फौज पाठवाल का’ असं कुणीतरी विचारणारच. देशाचं नाव ऐकून घे आणि त्यालाच विचार, तिथली कचेरी उघडणाऱ्या तीन माणसांची नावं सांगा.

तुझे,
बाबा