नासाऊहून विन्याला

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

आमची सर्वांची प्रकृती चांगली आहे. माझी पाठ अधूनमधून कुरकुरते, एवढेच. तुझ्या पत्रांना उत्तरे गेली नाहीत म्हणून तू रागावला असशील, आणि त्या रागाचे मी भेटीत पाहून घेईन; पण हे पत्र तुलाच लिहायचे होते, कारण मळ्यातल्या विहिरीच्या काठावर तेव्हा माझ्या पाठीमागे तूच उभा होतास.

हिवाळ्यात इकडे बहामा बेटांवर उत्तरेचे जोरदार वारे सुटतात. तसे वारे येणार असे कळल्यावर आम्ही आमची बोट घेऊन नासाऊ बंदराचा आसरा घ्यायचे ठरवले. आत शिरण्यापूर्वी रेडिओवर १६ क्रमांकाच्या चॅनलवरून बंदर नियंत्रण कक्षाची परवानगी मागावी लागते. ती आमच्या ईशानने मागितली, बोटीच्या नावाचे एकेक अक्षर सुटे सांगून. एरवी आम्ही नांगर टाकून फुकट राहणारी माणसे; पण पॅराडाइज आयलंडवरच्या अटलांटिस रिसॉर्टच्या मरीनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, बोट बांधली की तिथले वॉटरपार्कही वापरायला मिळते, आणि पोराने त्यासाठी सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच हट्ट धरला होता.

तिथे माया लोकांच्या मंदिरासारखा एक मनोरा आहे. त्याच्या माथ्यावरून साठ फुटांची जवळजवळ सरळ घसरगुंडी सुटते आणि खाली शार्क माशांच्या तळ्यातून जाणाऱ्या पारदर्शक बोगद्यातून माणसाला पलीकडे आणून सोडते. मी खाली उभा होतो. वर ईशानने घोट्यावर घोटा ठेवला, हात छातीशी धरले, आणि मला दिसले ते फक्त पाण्याने सुरकुतलेले त्याचे पांढरे तळवे. बाहेर आला तो हसत, आणि मला न विचारता पुन्हा जिन्याकडे पळाला. विन्या, हा तोच मुलगा, जो फ्लोरिडाहून गल्फ स्ट्रीम ओलांडताना रात्रभर बोटीला अडकवलेला कमरेचा पट्टा मुठीत धरून बसला होता. तो प्रवाह उत्तरेकडे वाहतो, उत्तरेचा वारा त्याच्यावर समोरून आला की लाटा उभ्या होतात, म्हणून वारा पडेपर्यंत थांबायचे, हे मीच त्याला शिकवले होते. आणि शिकवता शिकवता त्याच्या मनात पाण्याची धास्ती भरली होती. ती तिथे एका दुपारी गेली. मला इतका आनंद झाला, की तुझी आठवण येऊन मी एकटाच मोठ्याने हसलो.

खरी काळजी पुढेच आहे. वारा निवल्यावर आम्ही एक्झुमा बेटांकडे निघालो, तेव्हा ईशान पट्टा न अडकवता पुढच्या डेकवर गेला. मी ओरडलो, तर शांतपणे म्हणाला, "बाबा, पडलो तर पोहेन की!" सहा नॉट वेगाने चाललेली बोट मिनिटाभरात पावणेदोनशे मीटरच्याही पुढे निघून जाते, आणि तेवढ्या अंतरावर लाटांमधले माणसाचे डोके दिसेनासे होते. वॉटरपार्कमध्ये प्रत्येक वळणावर कोणीतरी शिटी घेऊन उभे असते आणि तिथल्या कृत्रिम नदीच्या लाटासुद्धा यंत्राने उठवलेल्या असतात. आमच्या बोटीमागे शिटी घेऊन कोण उभे राहणार? हे त्याला पटवू गेलो तर जुनी धास्ती परत येईल, या भीतीने माझी जीभ अडखळते. आणि गप्प बसावे तर रात्रपाळीत सुकाणूवर असताना माझे कान सारखे त्याच्या पट्ट्याच्या आकड्याकडे लागलेले असतात. हिचे म्हणणे, नियम तो नियम, त्यात समजूत कसली घालायची. मला ते पटते, पण पुरेसे वाटत नाही.

तू मला विहिरीत ढकललेस आणि मी सबंध सुट्टी तुझ्याशी बोललो नाही. त्या ढकलण्यानेच मी पोहायला शिकलो, असे तू अजून चारचौघांत सांगतोस. ते साफ खोटे आहे! मला दामूअण्णांनी पाठीला डबा बांधून शिकवले, आणि मी स्वतः म्हणेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. मात्र डबा सोडून मी पहिला सूर मारला तो तू पाण्यात होतास म्हणून, हेही तितकेच खरे, आणि एवढी वर्षे भांडूनही ते मी तुला कधी सांगितले नव्हते.

तेव्हा एक काम कर. येत्या रविवारी आम्ही नेटवर्क असलेल्या बेटाशेजारी असू. तू ईशानशी बोल. तुझे तो ऐकतो. विहिरीची सगळी गोष्ट सांग, डब्यासकट, आणि ढकलणारा तू होतास हेही सांग. पट्ट्याचा विषय मात्र त्याच्याकडूनच निघू दे.

तुझ्या घराचा ताबा मिळाला का? बदलीचे काय झाले? सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझा,
शरद