द्राक्षं पाठव, पण बिल रुपयात कर

मॉस्को,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा पार भुगा झाला होता, तो मी चमच्याने चहाबरोबर संपवला. कडबोळी मात्र शाबूत आली, वहिनींना आवर्जून सांग. डबा घेऊन आलेला पोरगा परवा दिल्लीमार्गे परत निघालाय, हे पत्र त्याच्याच हाती देतोय. एवढं सगळं मोबाईलवर लिहायची माझी तयारी नाही. आणि बोलायचं म्हणशील तर १३ ऑगस्टपासून इथे व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नाहीत. कारण दिलं फसवणुकीचं. पंधरा-वीस दिवसांतच 'मॅक्स' नावाचं देशी अॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्यायची सक्ती झाली. बाकी तू समज.

तू विचारलंयस, यंदा रशियाला द्राक्षं पाठवू का, पैसे येतील का. आणि खाली टोमणा: "एवढे निर्बंध लावले म्हणतात, मग तुमची दुकानं भरलेली कशी?" पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात अडकलंय, म्हणून दुसऱ्यापासून सुरू करतो.

२०२२ चा हंगाम आठवतो ना? २४ फेब्रुवारीला सकाळी सैन्य युक्रेनमध्ये घुसलं तेव्हा आमच्या कंपनीने तुमच्याकडून मागवलेल्या द्राक्षांचे तीन रीफर, म्हणजे थंड कंटेनर, समुद्रात होते, आणि दोन न्हावाशेव्यात उभे. १ मार्चपासून मोठ्या जहाज कंपन्यांनी एकामागून एक रशियाचं बुकिंग बंद केलं. बंदरातला माल तुम्ही दुबईला पडत्या भावाने काढलात, आणि समुद्रातला कुठे उतरणार हे सांगायला दहा दिवस कोणी फोनच उचलला नाही. इकडे केंद्रीय बँकेने २८ फेब्रुवारीला व्याजदर एका झटक्यात ९.५ वरून २० टक्क्यांवर नेला. परदेशात ठेवलेले सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठले, म्हणजे देशाची निम्मी गंगाजळी. डॉलर ७५-८० रुबलचा १२० झाला. दुकानांत साखरेच्या पिशव्यांवरून भांडणं. मी बायकोला म्हटलं, बॅगा भर, आपला खेळ आटोपला.

आणि लेका, जूनअखेर डॉलर पन्नास-पंचावन्न रुबलला! तेव्हा टीव्हीवाले छाती फुगवून सांगत होते, बघा, आमचं चलन जगात भारी. पण जरा हिशेब कर. तेल-गॅसचे भाव आकाशाला, म्हणजे डॉलर येतच होते. निर्यातदारांना त्यातले ८० टक्के सक्तीने विकायला लावले. आणि बाहेरून विकत घ्यायला काही मिळतच नव्हतं. ज्याला बाजारात पाऊल टाकायची बंदी, त्याच्या खिशात पैसे उरणारच. त्या दिवसांत लाडाची ग्रँटा गाडी एअरबॅग आणि एबीएसशिवाय विकायला आली, कारण सुटे भाग नव्हते. रुबल तगडा आणि गाडीला एअरबॅग नाही, असा तो उन्हाळा.

मग हळूहळू दुकानं भरली. मॅकडोनाल्ड गेलं, त्याच जागी १२ जूनला 'व्कुस्नो इ तोच्का' उघडलं. मराठीत सांगायचं तर 'चविष्ट, विषय संपला'. मला हे नाव आजही आवडतं, एका अर्थी ते सरकारी धोरणच आहे. 'समांतर आयात' कायदेशीर केली, म्हणजे कंपनीची परवानगी नसली तरी तिचा माल दुबई, तुर्कस्तान, कझाकस्तानमार्गे आणा, कोणी विचारणार नाही. आयफोन मिळतो, फक्त तीन जणांच्या हातून येतो आणि तिघांचं कमिशन तू देतोस. निर्बंधांनी माल थांबत नाही, बंड्या, माल आडवळणाने येतो. त्या प्रत्येक वळणावर एक माणूस खुर्ची टाकून बसलेला असतो. त्यातली एक खुर्ची माझी आहे, हे कबूल करून टाकतो. २०२१ पेक्षा माझा पगार दीडपट आहे, तो याच वळणांमुळे.

गंमत सांगतो. माझ्याकडे एक जुनं व्हिसा कार्ड आहे, मुदत २०२३ ला संपलेली. मार्च २०२२ मध्ये व्हिसा कंपनी देश सोडून गेली. कार्ड मात्र आजही खालच्या किराणा दुकानात चालतं, कारण देशातले व्यवहार २०१५ पासूनच रशियाच्या स्वतःच्या यंत्रणेतून जातात. २०१४ मध्ये क्रिमिया घेतल्यावर पहिले निर्बंध लागले तेव्हाच त्यांनी ही सोय करून ठेवली होती. तेच कार्ड नाशकात हॉटेलच्या काउंटरवर मी पुढे केलं तेव्हा तुझ्यासमोर माझी काय शोभा झाली ते तुला आठवत असेलच. पैसे तू भरलेस.

आता पैशांचं. हा भाग नीट वाच, तुझ्या कामाचा आहे.

भारताने रशियाचं तेल घ्यायला सुरुवात केली ती स्वस्त मिळतं म्हणून. युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्के वगैरे होता, तो पस्तीस-चाळीसपर्यंत गेला. २०२४-२५ मध्ये आपण रशियाकडून जवळजवळ ६४ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना विकला पाच अब्जांच्याही आतला. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये रुपयात व्यवहार करायची वाट उघडली, व्होस्ट्रो खाती, म्हणजे रशियन बँकांची आपल्या बँकांतली रुपयाची खाती, निघाली. झालं काय, रुपये साठत गेले. मे २०२३ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला आले आणि पत्रकारांसमोर बोलूनच गेले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत, ते वापरता येत नाहीत. बिचारे! रुपयाचं करणार काय ते? आपल्याकडून घ्यायचं तर औषधं, चहा, यंत्रांचे सुटे भाग, आणि तुझी द्राक्षं. मग तेलाचे व्यवहार बरेचसे अमिरातीच्या दिऱ्हॅमकडे वळले.

पण तुझ्यासारख्याला हीच संधी आहे. डॉलरमध्ये बिल केलंस तर पैसा तिऱ्हाईत बँकेतून येणार, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने 'रशियाला मदत करणाऱ्या परदेशी बँकांनाही धरू' असा हुकूम काढल्यापासून तुर्कस्तान, अमिराती, चीन, सगळीकडच्या बँका घाबरून आहेत. द्राक्षावर बंदी नाही, औषधावर नाही, पण बँकेतल्या कारकुनाला कागदावर 'मॉस्को' दिसलं की तो फाइल बाजूला ठेवतो. गेल्या वर्षी आमचं एक पेमेंट सात आठवडे फिरत होतं. रोज एक नवा कागद मागायचे. एकदा तर पेटीत द्राक्षंच आहेत हे सिद्ध करणारा फोटो मागितला. मी पाठवला, घडासकट. तरी पैसे परत आले, वर फी कापून.

इथलं खरं चित्र मात्र बँकेत नाही, आमच्या जिन्यात दिसतं. घरमालकीण आजी खालच्या मजल्यावर राहते, वय अठ्ठ्याहत्तर. २०२३ च्या डिसेंबरात अंडी एवढी महागली की पुतिन यांना वर्षाअखेरच्या टीव्ही कार्यक्रमात एका पेन्शनर बाईची माफी मागावी लागली. आजीने त्या दिवशी टीव्हीला हात जोडले. ते भक्तीने की रागाने, मला आजवर कळलेलं नाही. पुढच्या वर्षी लोणी असं कडाडलं की काही दुकानांनी लोण्याच्या पाकिटांना चोरी रोखणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्या लावल्या, महागड्या दारूच्या बाटल्यांना लावतात तशा. बटाटा तर सरकारी आकड्यांतच वर्षभरात जवळजवळ दुप्पट झाला. रशियात बटाटा महागणं म्हणजे आपल्याकडे कांदा. यंदा मे महिन्यात खुद्द पुतिन यांनी मान्य केलं की बटाटा कमी पडतोय.

आणि तरीही आजी खूश होती! कारण ठेवीवर वीस-एकवीस टक्के व्याज. महागाई रोखायला केंद्रीय बँकेच्या नाबिउलिना बाईंनी ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर नेला, युद्ध सुरू झालं तेव्हापेक्षाही वर. (या बाई पूर्वी दर जाहीर करताना दर वेळी वेगळा ब्रोच लावायच्या, लोक त्यावरून अंदाज बांधायचे. २८ फेब्रुवारी २०२२ ला काळे कपडे घालून आल्या, ब्रोच गायब.) आजीला व्याज मिळतं, पण तिच्या नातवाला घर घेता येत नाही, कारण स्वस्त गृहकर्जाची सर्वसाधारण योजना जुलै २०२४ मध्ये बंद झाली. आमच्या कंपनीला शीतगृह वाढवायचं होतं, ते कागदावरच राहिलं. रणगाडे, तोफगोळे बनवणाऱ्यांना मात्र सरकारच गिऱ्हाईक, त्यांना कसली आलीय व्याजाची भीती. तरी ओरडायला तेही मागे नाहीत. रोस्टेक या सरकारी शस्त्र-उद्योगाचे प्रमुख चेमेझोव्ह यांनी जाहीरपणे सांगितलं की या दराने धंदा परवडत नाही. इथे राजकारण म्हणजे हेच उरलंय. निवडणुकीत पुतिन यांना ८७ टक्के मतं पडतात, त्यावर कोणी वाद घालत नाही. वाद घालायची मुभा आहे ती फक्त व्याजदरावर.

यंदा अर्थसंकल्पातला सुमारे तिसरा हिस्सा संरक्षणावर जातो. बेकारी अडीच टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे माणसंच मिळत नाहीत. आमच्या गोदामात पेट्या उचलायला पोरं नाहीत, कारण मेट्रोत पोस्टर लागलंय: सैन्याशी करार करा, मॉस्को महापालिकेकडून एकरकमी १९ लाख रुबल. आपले वीस लाख रुपये धर. पहिल्या वर्षाची एकूण कमाई ५२ लाखांपर्यंत. आजीचा भाचा लांबच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्तीला होता. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याने करार केला. सप्टेंबरात आजी बहिणीकडे जाऊन आली, मला मोबाईलवर फोटो दाखवले: बहिणीच्या घरावर नवं निळं पत्र्याचं छप्पर, शेजारच्या दोन घरांवरही तसंच. मी म्हटलं, छान दिसतंय. आजी फोटो सरकवत राहिली, काही बोलली नाही. करारावर एक वर्ष लिहिलंय, पण २०२२ च्या हुकुमापासून असे करार संपतच नाहीत. आणि माणूस गेला तर राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने ५० लाख रुबल. लोक त्याला 'ग्रोबोव्ये' म्हणतात, शवपेटीचे पैसे. २०२२ च्या जुलैत सरकारी टीव्हीने स्वतःच दाखवलं होतं, एका जोडप्याने मुलाच्या त्या पैशातून पांढरी लाडा घेतली आणि पहिल्यांदा तीच घेऊन त्याच्या थडग्यावर गेले. ते पाहिल्यापासून मला रस्त्यात पांढरी लाडा दिसली की मान वळवावीशी वाटते.

हे सगळं इथे उघड कोणी बोलत नाही. 'युद्ध' म्हणत नाहीत, 'स्वो' म्हणतात, विशेष लष्करी कारवाईची आद्याक्षरं. मार्च २०२२ च्या कायद्याने सैन्याबद्दल 'खोटं' बोललं तर १५ वर्षांपर्यंत आत. आमच्या कचेरीत चहाच्या वेळी लोक पेट्रोल, शाळा, बटाटा बोलतात. परवा कोणी हळूच म्हणालं, हे उद्या थांबलं तर गावाकडे काय होईल? कारखाने, पगार, छपरं? सगळे एकदम कपाकडे बघायला लागले. मी इथे सोळा वर्षं आहे, शांततेची अशी धास्ती पूर्वी कधी ऐकली नव्हती.

आता जरा तंगी दिसायला लागलीय. दर हळूहळू उतरवत १६.५ वर आणलाय. जानेवारीपासून व्हॅट २० चा २२ होणार. ऑगस्ट-सप्टेंबरात युक्रेनी ड्रोननी रिफायनऱ्या फोडल्या आणि कित्येक भागांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. तेल विकणाऱ्या देशात! २२ ऑक्टोबरला अमेरिकेने रोझनेफ्ट आणि लुकॉइल या बड्या रशियन तेलकंपन्यांवर निर्बंध लावले, त्यामुळे आपले रिफायनरीवालेही आता हात आखडता घेतील. आपण तेल कमी घेतलं तर इथल्या बँकांकडचे रुपये आटत जातील, आणि द्राक्षाच्या पेमेंटची ती सोय दोन हंगामांनी राहीलच असं मी छातीठोक सांगणार नाही. यंदा आहे.

म्हणून माझं ऐक. माल पाठव, पण बिल रुपयात कर, व्होस्ट्रो खात्यातून. कंटेनर न्हावाशेव्यातून सुटायच्या आत निम्मी रक्कम खात्यावर हवी, आम्ही देऊ. उरलेली माल उतरल्यावर. कोणी 'डॉलर देतो, दुबईच्या कंपनीच्या नावाने बिल कर' म्हणालं तर सरळ नाही म्हण, मग तो मी का असेना. यंदा पावसाने बागेची दैना केलीय हे ठाऊक आहे, तेव्हा जमेल तेवढाच शब्द दे. दोन कंटेनर कमी आले तर चालतील, पण मण्यात साखर हवी. गेल्या हंगामात फूड सिटीच्या घाऊक बाजारात तुझ्या पेटीवर देवनागरीत 'पिंपळगाव' वाचलं आणि मी उगाचच पेटीवरून हात फिरवला. ती अक्षरं यंदाही छाप.

पोरगा खाली येऊन उभा आहे, साडेचारलाच अंधार झालाय. आजीने मघाशी जिन्यात अडवून विचारलं, हिरवी द्राक्षं कधी येणार. म्हटलं, मार्चला. म्हणाली, एक पेटी बाजूला ठेव, भाच्याला आवडतात.

तुझा,
पक्या