जखम धुता, तशी लघवीही तपासा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून मी गावोगाव हिंडलो. बधिर चट्टे शोधले, गोळ्यांची पानं पोचवली, तळपायाच्या जखमा धुतल्या. एका माणसाची जखम तर वर्षानुवर्षं धुतली. बाराही पानं संपवून तो 'आरएफटी' झाला होता, म्हणजे उपचारमुक्त. रजिस्टरमधून नाव गेलं, टाचेखालची जखम मात्र भरायची आणि पुन्हा उकलायची. एकदा टबात पाय भिजत घालून बसला असताना म्हणाला, "भाऊ, लघवीले लय फेस येते." पायांवर सूज होती. ती जखमेचीच, असं मी धरून चाललो. पुढे डोळ्यांखाली सूज आली तेव्हा तपासणी झाली; तोवर दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. ते मला आजही सलतं.

गोळ्यांमधल्या रिफाम्पिसिन या औषधानं लघवी लाल होते, घाबरू नका, हे आम्ही प्रत्येकाला सांगायचो. फेसाबद्दल कुणालाच विचारलं नाही.

कुष्ठरोग म्हणजे कातडी आणि नसा, एवढंच आमच्या डोक्यात. पण सतत वाहणारी जखम आणि पुन्हा पुन्हा उठणारी रिअ‍ॅक्शन, म्हणजे तापासोबत येणाऱ्या त्या दुखऱ्या लाल गाठी, यांनी शरीरात दाह धुमसत राहतो. त्या दाहात यकृत एक प्रथिन जास्तीचं बनवतं आणि त्याचे धागे किडनीत साचतात. यालाच अमायलॉइडोसिस म्हणतात. किडनीची गाळणी गळू लागते, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीवाटे जातं, फेस त्याचाच. रिअ‍ॅक्शनमध्ये गाळणीला थेट सूजही येऊ शकते.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं दूरीकरण झालं, दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण. आरएफटी झालेली माणसं त्या हिशेबात नाहीत. जखमा त्यांच्याच पायांना आहेत.

साहेब, आपलं खातं त्यांना मऊ रबराच्या एमसीआर चपला देतं, ड्रेसिंगचं सामान देतं. त्याच दिवशी लघवीत अल्ब्युमिनची पट्टी बुडवायला सांगा. पाय वीस मिनिटं भिजत असतात. पट्टीचा रंग मिनिटभरात कळतो. अल्ब्युमिन दिसलं की बीपी आणि किडनीचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी. रिअ‍ॅक्शनच्या प्रत्येक रुग्णालाही हेच. येत्या ३० जानेवारीच्या कुष्ठरोग निवारण दिनाआधी तसं परिपत्रक निघावं, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, वरोरा